धातूची भुकटी विरघळते, वितळते की सांधली जाते?

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यासाठी प्रशिक्षणपुस्तिकेचे भाषांतर करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, त्रिमितीय छपाईत धातूची भुकटी रेडिओ वारंवारतेवर तापवून घट्ट करतात, त्या क्रियेला ‘विरघळणे’ म्हणावे की ‘वितळणे’.

‘विरघळणे’ येथे नको. साखर पाण्यात विरघळते, म्हणजे विरघळायला दुसरा पदार्थ लागतो. वितळायला उष्णता पुरते. बोलताना आपण ‘बर्फ विरघळला’ असे सर्रास म्हणतो आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही, परंतु तांत्रिक मजकुरात हा भेद पाळलेला बरा. झवेरी बाजारातला ‘सोने आटवणे’ हा प्रयोग अस्सल आहे खरा, पण त्यात मुशीतल्या सोन्याचा पुरता रस होणे अभिप्रेत असते.

खरी अडचण पुढेच आहे, कारण पुष्कळदा भुकटी वितळतही नाही. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्या बरेच खाली, कण घनस्थितीत असतानाच, ते जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे अणू सरकू लागतात आणि कणाकणांत सांधे धरतात. कारखान्यात याला ‘सिंटरिंग’ म्हणतात. मी ‘सांधणे’ हे क्रियापद सुचवेन.

रेडिओ वारंवारतेच्या तापनात तर हा सांधाच कळीचा ठरतो. बदलत्या चुंबकी क्षेत्रामुळे धातूत वळसे घेत फिरणारी आणि तिला तापवणारी वीज म्हणजे भोवरा प्रवाह. कणांवर ऑक्साइडचा, वीज अडवणारा पातळ थर असल्यामुळे सुट्या भुकटीत हे प्रवाह ज्या त्या कणातच फिरतात. १३.५६ मेगाहर्ट्झ या रेडिओ वारंवारतेला असा प्रवाह तांब्यात सुमारे १८ मायक्रॉन खोल शिरतो, टायटॅनियममध्ये सुमारे ९०. छपाईच्या भुकटीचे कण बहुधा १५ ते ४५ मायक्रॉनचे असतात, म्हणजे टायटॅनियमच्या कणात प्रवाहाला फिरायला पुरेशी जागाच मिळत नाही आणि तो मंद तापतो. सांधे जुळले की प्रवाह एका कणातून दुसऱ्यात जाऊ लागतो, त्याचे वेढे मोठे होतात आणि तापण्याची रीतच पालटते. पुस्तिकेत आरंभापासून ‘वितळणे’ लिहिले, तर यंत्र चालवणाऱ्याला हे दोन टप्पे वेगळे ओळखता येणार नाहीत.

जाता जाता, ‘रेडिओ लहरींनी तापवणे’ हेही सैल आहे. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे २२ मीटर असते आणि भुकटी तापवणारे तारेचे वेटोळे तिच्यापुढे चिमुकले. भुकटीला तापवते ते त्या वेटोळ्याचे झपाट्याने बदलणारे चुंबकी क्षेत्र.

यंत्रांच्या नावांवर मात्र विसंबू नये. ‘डायरेक्ट मेटल लेझर सिंटरिंग’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या पद्धतीत भुकटी प्रत्यक्षात पूर्ण वितळते. अशा ठिकाणी नाव आहे तसे देवनागरीत ठेवावे आणि वाक्यातले क्रियापद ‘वितळणे’ असेच लिहावे.