टाच सुटली, आता पायाची कड दुखते

प्रश्न : दोन वर्षं टाचदुखीने बेजार होते. शेवटी दुर्बिणीतून छोटी शस्त्रक्रिया करून घेतली. महिना उलटला. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत निघणारी कळ गेली, पण आता पायाची बाहेरची कड ठणकते. मी शिक्षिका आहे, दिवसभर उभीच असते. शस्त्रक्रिया फसली का?

उत्तर : एवढ्यात फसली म्हणू नका. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत एक जाड पट्टा जातो. या शस्त्रक्रियेत त्याचा आतल्या बाजूचा थोडाच भाग सोडवतात. बाकीचा राखतात, कारण तळपायाची कमान त्याच्याच जोरावर टिकते. तो सैल झाला की भार बाहेरच्या कडेकडे सरकतो आणि ती कुरकुरते. त्यात तुम्ही टाच वाचवत कडेवर चालत असाल तर बघायलाच नको! रोज वापरता त्या चपलेचा तळ पाहा, बाहेरून जास्त झिजलाय का.

घरातही अनवाणी फिरू नका. कमानीला आधार देणारे बूट घाला, पोटरी ताणायचे व्यायाम हलक्या हाताने चालू ठेवा. वर्गात खुर्ची मागून घ्या, त्यात कसला संकोच? टाके भरले म्हणजे आतला पट्टाही भरला असं नसतं. पुरता आराम पडायला तीनेक महिने लागू शकतात. धावणं, उड्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

जखम लाल होऊन पाणी येऊ लागलं किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर थेट इस्पितळ गाठा.