मळभाच्या दिवशी बागेत फिरून लिहायला काही सुचतं का?

तुम्ही लिहिलंय, आठवडाभर आभाळ भरलेलं आहे, कथा अडकली आहे, कुणी सांगितलं म्हणून रोज सकाळी बागेत फेऱ्या मारता आणि मन आणखीच उदास होतं. अशा फिरण्यातून खरंच काही सुचतं का? सुचतं. माझी एक अख्खी कथा अशाच सकाळी हाती लागली, म्हणून हे उत्तर.

मी जळगावची. काव्यरत्नावली चौकातल्या भाऊंच्या उद्यानात फिरायला जाते. (१८८७ मध्ये इथून फक्त कवितेसाठी निघालेल्या मासिकाचं नाव या चौकाला आहे. लिखाण अडतं तेव्हा मला त्या नावाचा फार आधार वाटतो.) दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी होता, मळभाचा चौथा दिवस. बाप-लेकीची एक कथा तीन पानांवर सहा महिने थांबली होती. बाकं ओली, माणसं तुरळक. कुंपणाबाहेर वॉचमनकाकांनी निंबाच्या पाल्याची शेकोटी केली होती. "थंडी भलती शे आज," एवढंच बोलले. धूर काही वर जाईना. गवतावरून लोळत तो माझ्या पायांशी आला, आणि त्या वासासरशी मी रावेरकडच्या आमच्या केळीच्या मळ्यात उभी होते.

पारा दहाच्या खाली जायला लागला की केळीला चरका बसतो. पानं पिवळी पडतात, पोंगा, म्हणजे नव्या पानाची गुंडाळी, उलगडत नाही, निसवणीला आलेल्या झाडाचा घड आतच अडकून बसतो. अशा रात्री दादा, म्हणजे माझे वडील, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचे आणि लाईट आली की विहिरीचं पाणी सोडायचे. मी नऊ वर्षांची असेन, एकदा हट्टानं सोबत गेले. बॅटरीच्या उजेडात ते एकेका झाडाच्या गळ्याशी तळहात टेकवत होते. ताप आल्यावर माझ्या कपाळावर ठेवायचे, अगदी तसा.

तो हात मी विसरले होते! माझ्या कथेतला बाप तीन पानं नुसता बोलत होता, त्याला हातच नव्हते. तिथेच ओल्या बाकावर वही काढली आणि दीड पान लिहिलं.

आता तुमच्याबद्दल. बागेत जाताना तुम्ही बहुधा प्रसन्न व्हायला जाता, आणि नाही झालात की फेरी वाया गेली असं धरता. पण सुचण्यासाठी प्रसन्नता लागतेच असं नाही. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ओपेझो आणि श्वार्ट्झ या संशोधकांनी दाखवलं, की बसून राहण्यापेक्षा चालताना लोकांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के जास्त सुचतात. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही सुचलं, आणि चालून आल्यावर बसल्यानंतरही तो परिणाम थोडा वेळ टिकला. म्हणून मी सांगेन, वही सोबत न्या, घरी पोहोचेपर्यंत थांबू नका. मात्र एकच नेमकं उत्तर शोधायच्या कामाला चालण्याचा असा फायदा दिसला नाही, तेव्हा शेवटचा हात फिरवायचं काम टेबलावरच करा.

मळभाचा उजेड मला तर उन्हापेक्षा आवडायला लागलाय. ऊन असलं की डोळा चमकणाऱ्या गोष्टींकडे आणि सावल्यांकडे धावतो. मळभात सगळीकडे सारखाच मऊ उजेड असतो. भिजलेली साल काळीभोर दिसते, हिरव्यातले चार-पाच हिरवे वेगळे कळतात.

फिरताना एखादीच गोष्ट धरा आणि तिला घरात वापरता तोच शब्द द्या. 'वृक्ष' नको, निंब म्हणा. 'उदास' हा शब्द तर महिनाभर वहीत येऊच देऊ नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना हाताखाली जे असेल त्यातूनच त्यांची गाणी आली, आणि मुलानं, सोपानदेवांनी ती टिपून ठेवली. मला अडलं की मी आधी हेच आठवते, आत्ता हाताखाली काय आहे?

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. कथा पुरी व्हायला आणखी पाच आठवडे लागले. तेवढे दिवस मी त्याच वेळी, त्याच वाटेनं जात होते, आणि शेकोटीपाशी पाच मिनिटं थांबत होते.