नामिबियाला जाण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या मामांनी नामिबियाला शिकारीला बोलावलंय. परवाना रीतसर आहे. एक कुडू, म्हणजे पिळदार शिंगांचं हरणासारखं मोठं जनावर, आणि जमलं तर एक केप बफेलो, म्हणजे तिथला रानरेडा. पैसा तिथल्या गावाला जातो, मांसही गावच खातं. मग यात चूक काय, असं तू विचारतोस. उत्तर आधीच देतो. जा, रान बघ, पण बंदुकीला हात लावू नकोस.

मी अकरा वर्षांचा असताना कोकणात आजोळी एकदा हाक्याला गेलो होतो. १९७२ चा वन्यजीव कायदा अजून यायचा होता. हाकारे डबे बडवत रान उठवत होते आणि आजोबा ठासणीची बंदूक घेऊन वाटेवर बसले होते. बार झाला, भेकर पडलं. घरी आणताना मागचे पाय मला धरायला दिले. अंग ऊबदार होतं. ते गार पडायला लागलं तशा त्याच्या केसांतल्या गोचड्या बाहेर निघाल्या आणि माझ्या मनगटावर चढू लागल्या. त्यांनाही कळलं होतं, इथे आता काही उरलं नाही. रात्री मटण मीही खाल्लं, चवीनं खाल्लं. म्हणून शिकाऱ्याला राक्षस म्हणणं मला कधी जमलं नाही. रानात दबा धरून बसल्यावर पाचोळ्यातला एकेक आवाज कसा सुटा ऐकू येतो, ते मला ठाऊक आहे.

आता पैशाचा मुद्दा. तो खोटा नाही. नामिबियानं १९९६ साली कायदा बदलून गावांच्या समूहांना आपल्या भागातल्या वन्यप्राण्यांपासून उत्पन्न घ्यायचा हक्क दिला. ज्या हत्तीनं शेत तुडवलं, त्याच्या जगण्यात गावाचाही वाटा आला. उलट केनियानं १९७७ मध्ये शिकार बंद केली, तरी तिथले प्राणी घटतच गेले. माणसं आणि गुरं वाढली, कुरणांना कुंपणं पडली. नुसत्या बंदीनं रान वाचत नाही. मुंबईत पंख्याखाली बसून तिथल्या गावकऱ्याला दटावायचा हक्क तुला नाही आणि मलाही नाही.

पण ही बाजू गावकऱ्याची आहे, मामांची नव्हे. गावाला पोट आहे. मामांना भिंतीवर शिंगं हवी आहेत. दुसऱ्याच्या गरजेआड आपली हौस लपवू नये, एवढंच माझं म्हणणं. गावाला पैसे द्यायचे तर तिथे राहा, तिथलाच वाटाड्या घे, प्राणी बघ. त्यानं शिकारीइतकी रक्कम जमणार नाही, हे मान्य. आणि खरोखर गरजेपोटी जनावर मारावं लागतं तेव्हा? आपला कायदाही माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारायची परवानगी देतो. तो प्रसंग दुःखाचा असतो. पाय देऊन फोटो काढायचा नसतो.

हौस कुठवर जाते ते बघ. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानच्या, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधल्या, महाराजांनी रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते टिपले. आपल्या देशातल्या मूळ चित्त्याची ती शेवटची ठाम नोंद मानतात. ती हकीकत आली आपल्या मुंबईच्याच बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, जर्नलमध्ये, आणि संपादकांनी तिच्याबद्दल उघड किळस व्यक्त केली. लक्षात घे, १८८३ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत शिकारी भरपूर होते. बंदूक धरणाऱ्यांच्या घरातूनच तो आवाज उठला, याचं मला मोल वाटतं.

आता आपल्या दाराशी ये. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटर, आणि त्यात नि आसपास चाळीस-पन्नास बिबटे. आपण कचरा टाकतो, कचऱ्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मग सोसायटीच्या सीसीटीव्हीत तो दिसला की आपल्याला लगेच पिंजरा हवा असतो. आरेतल्या पाड्यावर माझ्या ओळखीच्या एक वारली मावशी आहेत. गेल्या पावसाळ्यात बिबट्यानं त्यांची गाभण शेळी नेली. मी गेलो तेव्हा चिखलात फरफटीची रेघ अजून दिसत होती, मधेच घुंगराची दोरी तुटून पडलेली. त्या ती उचलून कनवटीला लावत म्हणाल्या, ‘वाघोबाचा वाटा जरा जास्तच झाला यंदा.’ रागही होता त्यात. पण पिंजऱ्याचं नाव नाही. आपण वसुबारसेला गाय पुजतो ना, त्याच दिवशी त्यांची वाघबारस असते. शेंदूर लावलेल्या वाघोबाला नैवेद्य दाखवतात. नुकसान पोटात घालून त्याच्यासोबत राहणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या दोरीनं जास्त शिकवलं. आपली जागा निसर्गात कुठे, असं तू शेवटी विचारलंयस. मला ती मावशींच्या अंगणात दिसते: जनावराच्या वर नाही, त्याच्या शेजारी, आणि शेजाराची किंमत मोजून.

मामांना नकार कळवताना भाषण देऊ नकोस. ‘मी येतो, पण बंदूक घेणार नाही,’ एवढं पुरे. ते रागावतील, मग तिथे तुला सोबत नेतीलही.

त्याआधी रविवारी सकाळी सहाला गोरेगाव स्टेशनला पूर्वेच्या बाजूला भेट. मावशींच्या शेळ्यांच्या गोठ्याचं दार खिळखिळं झालंय, ते अंधार पडायच्या आत बसवून द्यायचं आहे. फळ्या मी बघून ठेवल्यात. बिजागऱ्या, खिळे आणि हातोडी तू घेऊन ये.

तुझा,
काका