डायरीत न लिहिलेले आकडे

"मला शुगर आहे, वजनही जास्त. मग स्तनाची पुनर्रचना मला करताच येणार नाही का?" कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या बायका हे मला वरचेवर विचारतात. विचारताना बहुतेकींचा सूर असा असतो, की निकाल जणू लागूनच गेलाय.

त्या ताईंचंही तसंच होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय 52, डावा स्तन आठ महिन्यांपूर्वी काढलेला, केमो पूर्ण झालेली. पर्स छातीशी धरून बसल्या होत्या, ती शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. प्लास्टिक सर्जन म्हणाले होते, "आत्ता नको, आधी एचबीएवनसी खाली आणू." ही रक्तातल्या साखरेची एक तपासणी. त्यांचा आकडा होता 9.4, म्हणजे बराच चढा. त्यातलं 'नको' तेवढं ताईंच्या लक्षात राहिलं. त्यात जावेनं भर घातली, "आता या वयात कशाला हवंय ते?" हे वाक्य मला मनापासून खटकतं. पुनर्रचना नको असं ठरवणाऱ्या बायकाही बरोबरच असतात, पण ठरवायचं तिनं, जावेनं नाही.

"शुगरनं नेमकं काय होतं, ते सांगितलं का कुणी?" मी विचारलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

मग मी सावकाश सांगितलं. साखर सतत चढी राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जखम सांधणारं कोलॅजन नीट तयार होत नाही, बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या असतील तर टाक्यांच्या कडेपर्यंत पुरेसं रक्त पोचत नाही. इम्प्लांट (स्तनाच्या आकाराची कृत्रिम पिशवी) बसवलं तर ही गोष्ट फार महागात पडते. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. जंतू एकदा त्यावर बसले की औषधांना सहजी दाद देत नाहीत आणि बऱ्याचदा ते काढूनच टाकावं लागतं. पोटावरची त्वचा आणि चरबी घेऊन, म्हणजे फ्लॅपनं स्तन घडवला तर जखमा दोन होतात, छातीवर आणि पोटावर. चरबीच्या जाड थराला रक्त कमीच मिळतं. त्यामुळे वजन जास्त असलं की टाके उसवणं, आत पाणी साठणं, फ्लॅपमधली थोडी चरबी मरून गाठ होणं हे जास्त घडतं. ती गाठ कर्करोगाची नसते, पण हाताला लागली की बाईच्या काळजाचं पाणी होतं. म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. बीपी चढं असेल तर आत रक्त साठण्याची भीती असते, तेही आटोक्यात हवं.

"हे मला कुणी असं का नाही सांगितलं?" ताई म्हणाल्या आणि पर्समधून शुगरची डायरी काढली. पट्टीनं आखलेले रकाने, सुवाच्य अक्षर. 132, 140, 138. पानामागून पान असंच. एचबीएवनसीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. असे आकडे असताना 9.4 येणं काही जुळत नव्हतं. मी काही बोलले नाही, नुसती पानं उलटत राहिले. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "जास्त आलेले लिहिलेच नाहीत. डॉक्टर रागावतात." केमोच्या दिवसांत 300 च्या वर जायची म्हणे. केमोसोबत उलट्या थांबवायला स्टेरॉइड देतात, त्यानं शुगर उसळते. तो त्यांचा दोष नव्हता, पण त्या मात्र आठ महिने तो मनात वागवत होत्या.

वजन उतरावं म्हणून त्यांनी रात्रीचं जेवणही सोडलं होतं. ते मी आधी थांबवायला सांगितलं. जखम भरायला प्रथिनं लागतात. शस्त्रक्रियेआधी उपाशी राहून अंग खंगवणं नुकसानीचंच. आहारतज्ज्ञ आणि मधुमेहाच्या डॉक्टरांशी गाठ घालून दिली. शुगरच्या काही गोळ्या शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपल्या मनानं नाही.

एक गोष्ट मी प्रत्येकीला आवर्जून सांगते. कर्करोग काढण्याची शस्त्रक्रिया शुगर अगदी आदर्श होईपर्यंत अडवून ठेवत नाहीत. पुनर्रचना मात्र थांबू शकते. काही महिन्यांनी होते, काही वर्षांनीही होते. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे एचबीएवनसी चार दिवसांत उतरत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची, तोवर धीर धरायचा.

पाच महिन्यांनी आकडा 7.2 वर आला, वजन सहा किलो उतरलं. पोटाचा फ्लॅप घेऊन पुनर्रचना झाली. शुगर आटोक्यात आली म्हणून धोका शून्य होत नाही, हे आम्ही बोललो होतो. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"पोटाच्या टाक्यांचा एक कोपरा उघडलाय. ड्रेसिंग चालू आहे, भरायला वेळ लागेल म्हणाले. घाबरले नाही हो मी." मग जरा थांबून, "आज सकाळी शुगर 211 होती. लिहिलीय."