जहाज डॉलरचे, बंदरे युरोची

प्रश्न : स.न.वि.वि. आम्ही उभयता, माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान असे चौघे येत्या सप्टेंबरमध्ये रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझला जाणार आहोत. वाटेत सांतोरिनी, तुर्कस्तानातील कुशादासी, मिकोनोस आणि नेपल्स ही बंदरे आहेत आणि त्याआधी दोन दिवस रोममध्ये मुक्काम आहे. जहाजाची कंपनी अमेरिकी असून जहाजावरील सर्व दर डॉलरमध्ये आहेत. आमच्या सोसायटीतील एक अनुभवी गृहस्थ सांगतात की, डॉलर जगात कुठेही चालतो, तोच न्या. मुलगा म्हणतो, नोटा बाळगूच नका, कार्ड पुरे. चलन बदलून देणारे दुकानदार मात्र डॉलर, युरो आणि तुर्की लिरा अशी तिन्ही चलने थोडी थोडी घ्यायला सांगत आहेत. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तिघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण जहाजावर पैसे फेडण्याची रीत आणि बंदरावर उतरल्यावर पैसे खर्च होण्याची रीत या अगदी वेगळ्या आहेत, हे तिघांनीही लक्षात घेतलेले दिसत नाही. दर डॉलरमध्ये छापलेले असले तरी जहाजावर डॉलरची नोट जवळजवळ कुठेच लागत नाही. जहाजावर चढताना प्रत्येक प्रवाशाला एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली असते आणि तेच खर्चाचे खाते. कॉफी, इंटरनेट, छायाचित्रे, बंदरावरच्या सहली हे सगळे त्या खात्यावर चढत जाते आणि प्रवासाच्या अखेरीस एकदम हिशेब होतो. त्यामुळे खिशात कोणत्या नोटा ठेवायच्या हे जहाजाच्या चलनावरून ठरवू नये, तुम्ही कोणत्या बंदरांवर उतरणार यावरून ठरवावे. रोम, नेपल्स, सांतोरिनी आणि मिकोनोस या चारही ठिकाणी युरो हेच चलन आहे. रोख रक्कम न्यायची ती युरोमध्येच न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉलरवरचा विश्वास आपल्या आधीच्या पिढीत का रुजला, हे मी समजू शकतो. परदेशी निघालेल्या माणसाला हातात जेमतेम आठ डॉलर मिळत, ही आठवण अनेक मराठी घरांत अजून सांगितली जाते. त्या टंचाईच्या काळात डॉलर मिळणे हीच मोठी गोष्ट होती, आणि युरोच्या नोटा तर १ जानेवारी २००२ रोजी प्रथम लोकांच्या हातात आल्या. आज ठाण्यातल्या ठाण्यात रुपये देऊन थेट युरो मिळत असताना आधी डॉलर घेऊन रोमला जाणे आणि तिथे ते मोडून युरो घेणे म्हणजे एकाच पैशावर दोनदा कसर सोसणे होय. प्रत्येक बदलात फक्त दोन टक्के गेले असे धरले, तरी एक लाख रुपयांचे मूल्य पहिल्या बदलात ९८,००० आणि दुसऱ्या बदलात ९६,०४० रुपये उरते. विमानतळावरच्या आणि पर्यटनस्थळांच्या आसपासच्या खिडक्यांवर ही कसर दोन टक्क्यांवर थांबत नाही. काही दुकानदार डॉलर घेतातही, परंतु ते स्वतःच्या दराने घेतात, आणि तो दर तुमच्या बाजूचा नसतो.

किती न्यावेत, हे तुमच्या सवयींवर अवलंबून आहे. तरी चौघांसाठी मिळून चारशे ते पाचशे युरो रोख पुरावेत, कारण इटलीत आणि ग्रीसमध्ये कार्ड आता बहुतेक ठिकाणी चालते. रोख लागते ती किरकोळ गोष्टींना : सार्वजनिक स्वच्छतागृह, काउंटरवर उभ्याने घेतलेली कॉफी, फळवाला, पाण्याची बाटली, वाटाड्याची बक्षिशी. म्हणून नोटा घेताना पाच, दहा, वीस आणि पन्नासच्या मागाव्यात आणि दुकानदाराने पुढे केलेल्या शंभर-दोनशेच्या नोटा विनासंकोच परत कराव्यात. पाचशे युरोची नोट तर घेऊच नये. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने २०१९ मध्ये ती नव्याने देणे थांबवले. ती कायद्याने अजून ग्राह्य असली तरी लहान दुकानात कोणी हातात धरत नाही.

आता जहाजावरच्या खात्याकडे वळू, कारण खरी मोठी रक्कम तिथे जाते आणि बहुतेकांचे दुर्लक्षही तिथेच होते. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर प्रत्येक प्रवाशाच्या नावे रोजचे सेवाशुल्क खात्यात आपोआप लावले जाते. ते साधारणपणे माणशी दररोज १६ ते २० डॉलर असते. १८ डॉलर धरले तर चौघांचे सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात, आणि ते तुम्ही एक कप कॉफीही विकत न घेता होतात. तिकिटात ते आधीच भरले आहेत का, हे आजच आपल्या एजंटाला विचारा. शिवाय ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रवाशांवर शुल्क लावले आहे. सांतोरिनी आणि मिकोनोस या दोन बेटांवर जून ते सप्टेंबर या काळात ते प्रत्येक बेटासाठी माणशी २० युरो आहे, म्हणजे तुम्हा चौघांचे मिळून १६० युरो होतात. हे बंदरावर रोख भरावे लागत नाहीत; कंपनी ते वसूल करते, पण ते आधी घेतले आहेत की नंतर खात्यावर येणार, हेही विचारून ठेवावे.

हे खाते क्रेडिट कार्डाला जोडावे. फॉरेक्स कार्डाला (म्हणजे आधी परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डाला) किंवा डेबिट कार्डाला जोडू नये. याचे कारण असे की, जहाजाची कंपनी संभाव्य खर्चापोटी कार्डावरची रक्कम आधीच रोखून ठेवते. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मर्यादेचा काही भाग तेवढ्यापुरता अडकतो इतकेच. फॉरेक्स कार्डात मात्र तुमचे स्वतःचे भरलेले पैसे अडकतात आणि हिशेब पूर्ण झाल्यावरही ते मोकळे व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. मी बँकेच्या परकीय चलन विभागात होतो, तेव्हा एका वृद्ध दांपत्याचा फोन आला होता. जहाजावरून उतरून ते हॉटेलात आले होते, कार्डात शिल्लक दिसत होती, पण वापरता येत नव्हती, आणि जवळ दुसरे कार्ड नव्हते. त्यांच्या आवाजातली घालमेल मला अजून आठवते, म्हणूनच हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

क्रेडिट कार्डाची किंमतही जाणून घ्यावी. परदेशी चलनातील खर्चावर बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे चलनबदलाचे जादा शुल्क, घेतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. साडेतीन टक्के दराने एक लाख रुपयांच्या खर्चावर ३,५०० अधिक ६३० असे ४,१३० रुपये जातात. काही कार्डांवर हा मार्कअप अजिबात नसतो. चौघांपैकी कोणाकडे तसे कार्ड असेल तर जहाजाचे खाते त्यालाच जोडावे. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून घ्यायला विसरू नका, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी सुरू असते.

फॉरेक्स कार्ड बंदरांवरच्या खर्चासाठी जरूर न्यावे, आणि त्यात युरोच भरावेत. डॉलर भरलेले कार्ड रोममध्ये वापरले, तर डॉलरचे युरो करताना पुन्हा शुल्क कापले जाते, म्हणजे वर सांगितलेली दुहेरी कसर इथेही लागू होते.

यंत्राच्या पडद्यावर रुपयांचा आकडा दिसला, तर तो नाकारा. दुकानातले किंवा एटीएममधले यंत्र भारतीय कार्ड ओळखून ‘रुपयांत द्यायचे की युरोमध्ये’ असे विचारते. रुपयांचा आकडा पाहून आपल्याला बरे वाटते, परंतु तो बदल तिथल्या व्यापाऱ्याची यंत्रणा स्वतःच्या दराने करते आणि त्यात तिची भरभक्कम कसर असते. त्यावर आपल्याकडच्या अनेक बँका वेगळे शुल्कही लावतात. नेहमी त्या देशाचे चलन निवडावे. जहाजावर खाते उघडतानाही बिल मूळ डॉलरमध्येच लावा, असे स्वागतकक्षात सांगून ठेवावे, कारण काही जहाजांवर रुपयांत बिल लावण्याची ही सोय तुम्हाला न विचारताच सुरू असते.

लिरा घेऊ नका. २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण साडेसात लिरा पडत; २०२५ मध्ये तो आकडा चाळीसच्या पुढे गेला. असे चलन उरले तर परत आणून काही हाती लागत नाही, आणि इथे ते विकत घेतानाही दर चांगला मिळत नाही. कुशादासीच्या धक्क्याबाहेरच्या बाजारात गालिचे आणि चामड्याच्या वस्तू विकणारे युरो आनंदाने घेतात, इफेससच्या प्राचीन अवशेषांकडे जाणारी सहल जहाजावरच्या खात्यातून भरली जाते, आणि बाकीच्या ठिकाणी कार्ड चालते. मात्र कार्डाचे पैसे लिरामध्ये द्यावेत. रोख देताना भाव लिरामध्ये विचारून मग युरोचा आकडा ऐकावा. दोहोंत फरक किती पडतो, ते तिथेच कळेल.

डॉलरच न्यायचे असतील तर एक, पाच आणि दहाच्या नोटांचे मिळून शंभरेक डॉलर ठेवावेत. खोली आवरणारा, रोज तुमच्यासाठी शाकाहारी जेवणाची चौकशी करणारा वेटर, अशा माणसांच्या हातात निरोपाच्या दिवशी काही द्यावेसे वाटते. सेवाशुल्क भरलेले असले तरी द्यावे, असे मला मनापासून वाटते. त्या नोटा फाटलेल्या किंवा लिहिलेल्या नसाव्यात.

नियम थोडक्यात असे : एका प्रवासासाठी माणशी ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच परकीय नोटा नेता येतात, बाकीची रक्कम कार्डावर घ्यावी लागते. चलन घेताना ५०,००० रुपयांपर्यंतच रोखीने देता येतात, त्यापुढे चेक किंवा बँकेतून. परतीच्या रिक्षा-टॅक्सीसाठी भारतीय रुपये सोबत ठेवायला हरकत नाही, त्याची मर्यादा माणशी २५,००० आहे. परतल्यावर २,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. त्याहून अधिक उरल्या तर १८० दिवसांत परत कराव्या लागतात.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण इंग्लंडमधून निघून स्कॉटलंड, नॉर्वेचे फ्योर्ड आणि कोपनहेगन अशी क्रूझ करणार आहोत. पौंड, नॉर्वेजियन क्रोन आणि डॅनिश क्रोन अशी तीन पाकिटे करावीत का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : दोन्ही क्रोन घेऊ नका. नावे सारखी असली तरी नॉर्वेचे क्रोन आणि डेन्मार्कचे क्रोन ही वेगवेगळ्या मूल्यांची स्वतंत्र चलने आहेत आणि एकाच्या देशात दुसरे चालत नाही. पण मुळात त्या देशांत रोख वापरण्याची वेळ फारच क्वचित येते. नॉर्वेतील बर्गेनच्या मासळीबाजारात आणि शहरातल्या बसमध्येही कार्ड चालते. म्हणून इथे मी वरच्या वाचकांना दिलेल्या सल्ल्याच्या उलट सांगेन : दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डे न्यावीत, ती दोघींच्या वेगवेगळ्या पर्समध्ये ठेवावीत आणि नोटांचा विचार सोडून द्यावा.

पौंड मात्र पन्नास-साठ ठेवावेत. घरात मुलाच्या किंवा पुतण्याच्या जुन्या प्रवासातल्या नोटा असतील तर आधी तपासून घ्या. बँक ऑफ इंग्लंडच्या वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून बाद झाल्या आहेत आणि आता प्लास्टिकच्याच नोटा चालतात. स्कॉटलंडमध्ये सुटे म्हणून तिथल्या तीन बँकांनी छापलेल्या नोटा हाती येतील. त्या खऱ्याच असतात, परंतु आपल्याकडे परत आणून विकताना अडचण येऊ शकते. त्या जहाज सुटण्यापूर्वी तिथेच खर्चून टाकाव्यात.

प्रश्न : सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाणारी चार रात्रींची क्रूझ. सोबत दोन लहान मुले. किती प्रकारचे चलन घ्यावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्यातून फक्त सिंगापूर डॉलर घ्या. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांपैकी काहींवर हिशेब सिंगापूर डॉलरमध्ये होतो आणि अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर अमेरिकी डॉलरमध्ये. तुमचे जहाज कोणत्या प्रकारचे आहे ते तिकिटावर पाहा आणि खाते क्रेडिट कार्डाला जोडा. फुकेतसाठी थायलंडचे बाथ आणि पेनांगसाठी मलेशियाचे रिंगिट सिंगापूरमध्ये घ्यावेत. रॅफल्स प्लेसजवळच्या ‘द आर्केड’मधील किंवा मुस्तफा सेंटरच्या आसपासची चलनाची दुकाने एकमेकांशी चढाओढ करतात, त्यामुळे शेजारी देशांच्या चलनाचे दर तिथे बऱ्याचदा आपल्याकडच्यापेक्षा चांगले मिळतात. दुहेरी बदल टाळावा या माझ्या नेहमीच्या सल्ल्याला हा एक अपवाद आहे.

फुकेतमध्ये बाथ रोख लागतातच, कारण टुकटुकवाला, किनाऱ्यावर खुर्ची-छत्री भाड्याने देणारा आणि रस्त्यावरचा खाद्यपदार्थवाला यांच्याकडे कार्डाची सोय असेलच असे नाही. मुले सोबत असताना सुट्यांसाठी उन्हात ताटकळावे लागू नये, म्हणून शंभरच्या आणि वीसच्या नोटा मागून घ्या. पेनांगसाठी थोडे रिंगिट पुरतील. उरलेली नाणी कुठलेच दुकान परत घेत नाही. बाथची नाणी फुकेतच्या बंदरावर मुलांना आइस्क्रीम घेऊन संपवा.