जीप उघडण्याआधी

चिरंजीवास,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची अकरा छायाचित्रे मिळाली. गुऱ्हाळामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे कडब्याखाली पडून राहिलेली जीप पदरात पडल्याचा तुझा आनंद ओळीओळीतून दिसतो, आणि तो मला परका नाही. मात्र दिवाळीच्या सुट्टीत ती सगळी खोलायची आणि 26 जानेवारीला रस्त्यावर काढायची, हा बेत तू सोडून द्यावास. माझ्या जीपला सहा वर्षे लागली. त्यांतली पहिली दोन वर्षे माझ्याच चुका निस्तरण्यात गेली, आणि त्या चुका अवजड कामांत झाल्या नव्हत्या. ज्यांना ठाऊक होते त्यांना न विचारता मी पाना हाती घेतला, म्हणून झाल्या होत्या.

आधी ही गाडी नेमकी कोणती, ते ठरव. आपल्याकडे प्रत्येक जुन्या जीपला 'विलीज' म्हणण्याची पद्धत आहे, आणि तूही तेच लिहिले आहेस. युद्धकाळात, 1941 ते 1945 या वर्षांत, एकाच आराखड्यावर दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या: विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. फोर्डच्या या तीन अक्षरांतले पहिले सरकारी कामाचे, दुसरे ऐंशी इंची व्हीलबेसचे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचे, आणि तिसरे विलीजच्या आराखड्याचे. पुढे महिंद्राने माझगावला जीपची जुळणी सुरू केली आणि उंच बॉनेटची सीजे-3बी ही नागरी जीप गावोगाव पोचली. तुझ्या गाडीच्या जाळीला नऊ खाचा आहेत, नागरी गाडीला सात असतात; तेव्हा जाळी तरी लष्करी आहे. पण इतक्या वर्षांत जाळी, बॉनेट, किंबहुना सगळा पत्राच एका गाडीवरून दुसरीवर गेलेला असू शकतो, म्हणून जाळीवर विसंबू नकोस. जमिनीवर आडवा पडून रेडिएटरच्या पुढच्या अंगाची चासीची, म्हणजे खालच्या सांगाड्याची, आडवी पट्टी पाहा. ती गोल नळी असेल तर चासी विलीजची. उलट्या ठेवलेल्या पन्हाळीसारखी असेल तर फोर्डची.

फोर्डची निघाली, तर आणखी एक खूण शोधण्यासारखी आहे. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी 'एफ' अक्षर उमटवले होते. रॉकेलची वाटी आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन एकेक बोल्ट धुऊन पाहा. ग्रीसचा काळा थर निघतो, खाली गंजाचा तांबूस थर लागतो, आणि मग नखाएवढ्या जागेत ते अक्षर वर येते. पहिला 'एफ' सापडला त्या संध्याकाळी मी जेवायला उठलो नव्हतो. घरच्यांनी त्याबद्दल काय म्हटले ते इथे लिहीत नाही. सांगायचे एवढेच की गंजलेला बोल्ट कापून नवा टाकण्याची सवय गॅरेजमध्ये सर्वांना असते, आणि या गाडीत कापलेला प्रत्येक बोल्ट म्हणजे पुरावा भंगारात. आधी डिझेल सोडून चार दिवस भिजत ठेव, मग हलकी आच दे.

रंगाचेही तसेच. माझा पुढचा एक मडगार्ड मी उत्साहाच्या भरात सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने सगळा रंग उडवून, आणला, चकचकीत पांढरा पत्रा, आणि फार समाधानात होतो. बॉनेटची पाळी यायच्या आत लष्कराच्या ईएमई या दुरुस्ती विभागातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध कारागीर घरी आले. त्यांनी चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून बॉनेटच्या कडेला रुपयाएवढी जागा हळूहळू घासली. वर चंदेरी, त्याखाली निळा, मग कुठल्याशा खात्याचा राखी, मग हिरवा, आणि हिरव्यावर पांढऱ्या आकड्याचा एक तुकडा. ते काही बोलले नाहीत, फक्त मडगार्डकडे एकदा पाहिले.

आता मदत मागण्याविषयी. जीपवेड्या मंडळींत सर्व काही येणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. एकाला गिअरबॉक्स कळतो, दुसऱ्याला वायरिंग, तिसऱ्याकडे ज्ञान बेताचे पण सुट्या भागांनी भरलेली खोली असते. त्यांचा वेळ फुकट असतो, पण स्वस्त नसतो. 'गिअर निघतो, काय करू?' असे विचारशील तर दहा जण दहा उत्तरे देतील. माझा दुसरा गिअर उतारावर निघत असे, तेव्हा त्याच ईएमईच्या कारागिरांनी मला उलटे प्रश्न केले: फक्त दुसराच निघतो का, पाय उचलल्यावर निघतो का, तेल काढून पाहिले का, त्यात पितळेचा चुरा आहे का? चुरा नव्हता. ते म्हणाले की मग बॉक्स उतरवण्याआधी वरचे झाकण काढून दांडीला अडवणारी गोळी आणि तिची स्प्रिंग पाहा. स्प्रिंग थकलेली होती. दोन दिवसांचे काम एका तासात झाले, ते या चार प्रश्नांमुळे. तू विचारशील तेव्हा ही उत्तरे प्रश्नातच लिहून पाठव, आणि उपाय लागू पडला की नाही ते नंतर आठवणीने कळव. बहुतेक नवखे हे कळवत नाहीत, आणि पुढच्या वेळी त्यांना उत्तर मिळत नाही.

उसन्या भागांच्या बाबतीत माझ्या हातून घडलेले सांगतो. या जीपचे पुढचे दिवे बिजागरीवर बसवलेले असतात. पंखाचा नट सैल केला की दिवा उलटा फिरून इंजिनावर उजेड पाडतो, रात्री दुरुस्तीसाठी केलेली फार शहाणी सोय. माझ्या गाडीची एक बिजागरी नव्हती. एका स्नेह्याने आपली मूळ बिजागरी नमुना म्हणून दिली आणि मी ती एका वर्कशॉपमध्ये तशीच ठेवून आलो. तिथल्या माणसाने नवी बनवली, शिवाय जुनीही प्रेमाने बफिंग करून दिली. तिच्यावरचा 'एफ' गेला. स्नेह्याने ती हातात घेतली, अंगठा त्या गुळगुळीत जागेवरून दोनदा फिरवला आणि चहा मागवला. पुढची दोन वर्षे त्याने मला एक वॉशरही दिला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. तेव्हा नमुना दुसऱ्याचा असेल तर लेथच्या शेजारी स्वतः उभा राहा, किंवा मापे घे आणि मूळ वस्तू घरी ठेव.

तुझ्या छायाचित्रात बॉनेटखाली डिझेल इंजिन दिसते. त्याबद्दल खंत करू नकोस. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडच्या पुष्कळ जीपगाड्यांचे असे झाले. मूळ इंजिन 2199 सीसीचे, साठ अश्वशक्तीचे, आणि त्याचे व्हॉल्व हेडमध्ये नसून सिलिंडरशेजारी ब्लॉकमध्येच असतात. ते शोधायला निघालास की सीजे-3बीचे इंजिन 'तेच आहे' म्हणून तुझ्या गळ्यात मारतील. ते त्याच घराण्यातले असले तरी त्याचे इनलेट व्हॉल्व वर हेडमध्ये असल्याने ते उंच आहे. सीजे-3बीचे बॉनेट उंच करावे लागले ते त्यामुळेच, आणि तुझ्या बॉनेटखाली ते मावणार नाही. खरे इंजिन सापडले, तर पैसे देण्याआधी हेड काढून व्हॉल्वची सीट आणि सिलिंडर यांच्यामधल्या अरुंद जागेत तडा नाही ना, ते जाणत्या माणसाला दाखव.

गाडी चालू करण्याची वेळ येईल तेव्हा ब्रेक आधी, इंजिन नंतर. पॅडलच्या दाबाने ब्रेकचे तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर चारही चाकांना मिळून एकच आहे, म्हणजे एक जुनी रबरी नळी फुटली की चारही ब्रेक गेले. नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी सर्व नव्या टाक. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते, आणि आताच्या पेट्रोलमधले वीस टक्क्यांपर्यंतचे इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घे आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेव. वायरिंग मूळचे सहा व्होल्टचे ठेवणार असशील, तर तेवढ्याच कामाला बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो हे ध्यानात धरून जाड तारा वापर. स्टार्टर रडतो अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बारीक तारा घातलेल्या असतात किंवा अर्थिंगखालचा रंग खरवडलेला नसतो.

कागदांकडे तू दुर्लक्ष केले आहेस. चासीवरचा नंबर आरसी पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का आणि पुस्तकात इंधन काय लिहिले आहे, हे आजच पाहा. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 2021 पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि मग ती रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. रंगाची अडचण याहून विचित्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 121 व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही लावता येत नाही. म्हणजे ज्या रंगासाठी हा सारा खटाटोप, तोच रस्त्यावर चालत नाही. रंगाचा डबा विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन विचार, आणि जो रंग ठरेल त्याची नोंद पुस्तकात करून घे.

सुटे भाग शोधायला पुण्यात नाना पेठेत आणि बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात आपण बरोबर जाऊ. एकटा गेलास तर तुझा चेहराच भाव वाढवील. त्याआधी पुढच्या रविवारी मी तुझ्याकडे येतो. तोवर गाडी स्वच्छ धू, प्रत्येक बाजूचे छायाचित्र काढ, आणि रॉकेल व ब्रश एवढेच हत्यार वापर. चाके मात्र काढू नकोस. डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. मी त्यांना चार फुटी पाइप लावून दोन स्टड मोडले आहेत, आणि तसे स्टड आता माझ्याकडे एकच जोडी उरली आहे.

तुझा शुभचिंतक