ग्रीक पुराणकथा नव्या पात्राच्या नजरेतून कशी लिहावी?

तुम्ही लिहिलंय की ओडिसियसच्या बायकोच्या, पेनेलपीच्या तोंडून होमरचं ‘ओडिसी’ हे महाकाव्य सांगायला घेतलं, तीस पानं झाली आणि आता ती नुसती वाट बघत रडतेय. माझं स्पष्ट मत: पेनेलपीला सोडा. तिला होमरनेच भरपूर बोलू दिलंय. मूळ कथेत जिच्या वाट्याला चार ओळी आल्या आणि त्या चार ओळींतही जिचं अंग दुखतंय, अशी बाई शोधा.

ती विसाव्या सर्गात आहे. घरी परतलेला ओडिसियस भिकाऱ्याच्या वेशात स्वतःच्याच घराच्या ओसरीवर पडलाय, आणि त्याच्या बायकोला मागणी घालणारे पुरुष त्या घरात ठाण मांडून खातायत. तो देवांचा राजा झ्यूस याच्याकडे दोन खुणा मागतो, एक बाहेरून आणि एक घरात जाग्या असलेल्या माणसाच्या तोंडून. आभाळ गडगडतं. जवळच दळणाची जागा आहे, तिथे बारा बाया राबतात. बाकीच्या दळण उरकून झोपल्यात, सगळ्यांत अशक्त ती एकटी अजून दळतेय. ती दगड थांबवते आणि म्हणते, ढग कुठे दिसत नाही आणि गडगडलं, म्हणजे ही कुणासाठी तरी खूण आहे. मग माझंही एक मागणं पुरं कर. या मागणी घालणाऱ्यांचं आजचं जेवण शेवटचं ठरू दे, यांचं पीठ दळून माझे गुडघे गेले. ओडिसियस हे ऐकून सुखावतो. त्या बाईचं पुढे काय झालं ते होमर सांगत नाही. नावही देत नाही.

आता ‘गुडघे’ या शब्दावर थांबा, कारण सगळं लेखन इथेच सुधारतं किंवा बिघडतं. मराठीत लिहिणारा लगेच जातं मांडतो, खुंटा धरतो, वैरण घालतो. पण गोल फिरणारं जातं ग्रीसमध्ये होमरनंतर काही शतकांनी आलं. या बाईपुढे आहे तो आपल्या पाट्यासारखा दगड, मध्ये खोलगट झालेला, आणि दोन्ही हातांत धरायचा लांबट वरचा दगड. गुडघे टेकून, पायाची बोटं मागे दुमडून, अंगाचा भार पुढे लोटायचा आणि दगड परत ओढायचा. पीठ कडेला सांडतं, ते गोळा करून जाडसर राहिलेलं पुन्हा घालायचं. पाटा गुळगुळीत झाला की दाणा नुसता घसरतो, मग टाकी लावावी लागते, आणि टाकी लावल्यावर पहिल्या पिठात कच येते. सीरियात अबू हुरेयरा इथे होमरच्या कितीतरी हजार वर्षं आधीचे सांगाडे सापडले. त्यात बायकांचे पायाचे अंगठे, गुडघे आणि कंबरेचे मणके याच कामाने झिजलेले दिसतात. म्हणून ती बाई खांदे गेले म्हणत नाही, गुडघे गेले म्हणते.

धान्यसुद्धा नीट धरा. ती काढते ते मुख्यतः भाजलेल्या जवाचं पीठ. त्याला आपल्याकडे सातूचं पीठ हा शब्द तयार आहे, तो वापरा. नुसतं ‘पीठ’ लिहिलंत की वाचकाला गव्हाची कणीक दिसते.

पुढचं काम हिशेबाचं, आणि तो लिहायला बसण्याआधी करा. पेनेलपीला मागणी घालून ठाण मांडलेले पुरुष तिच्या मुलाच्या, टेलेमाकसच्या मोजणीनुसार १०८. माणशी रोजचं धान्य एक कोइनिक्स, म्हणजे लिटरभर. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सैन्याचा शिधा याच मापाने मोजतो, आणि एकोणिसाव्या सर्गात टेलेमाकस स्वतः म्हणतो की माझ्या कोइनिक्सला हात लावणारा रिकामा बसलेला मला चालणार नाही. लिटरभर जव सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. एकूण साधारण ६५ किलो, बारा जणींत प्रत्येकी साडेपाच. अशा दगडावर तासाला किलोभर भरड निघते असं धरलं तर धडधाकट बाईला साडेपाच तास लागतात. अशक्त बाईला आठ-नऊ. ती एकटी जागी का आहे, याचं उत्तर मिळालं. तिच्यासाठी गुप्त दुःख शोधायची गरज नाही.

आणि तिच्या तोंडी ओवी घालू नका. यावर मी फार वाद घातलेत आणि अजूनही माघार घेणार नाही. ‘दळणारी बाई आहे, ओवी नको तर काय?’, ‘वाचकाला काय कळतंय?’ असं म्हणणाऱ्यांनी ओवी कधी कान देऊन ऐकलेलीच नाही. ओवीची लय हाताच्या गोल फेऱ्यातून येते. इथे लोटा आणि ओढा, लोटताना श्वास सुटतो, ओळ तिथेच तुटते. ग्रीक दळणगीतं होती. लेस्बॉस या ग्रीक बेटावरच्या बायकांचं एक प्लुटार्क या ग्रीक लेखकाने नोंदवलंय, अगदी तोकडं, दगडालाच उद्देशून म्हटलेलं आणि मिटिलीनीच्या पिटाकस या सत्ताधीशाचं नाव घेणारं. तिची वाक्यं तेवढीच आखूड ठेवा.

नजर म्हणजे तिला काय दिसत नाही, हे ठरवणं. भिकारी कोण आहे ते तिला ठाऊक नाही. ओडिसियसला मदत करणारी देवी अथीना दिसत नाही. ओडिसियस त्या मागणी घालणाऱ्यांची कत्तल करतो, त्याआधी म्हातारी दासी युरिक्लिया बायकांच्या दालनाची दारं लावते, निरोप असा की आतून कण्हणं ऐकू आलं तरी कुणी बाहेर यायचं नाही, मुकाट काम करत राहायचं. तेव्हा बाविसावा सर्ग तुम्हाला बंद दारामागून, फक्त आवाजांवर लिहायचाय. बहुतेक लेखक इथेच फसतात आणि तिला फटीतून बघायला लावतात. तसं करू नका.

दार उघडल्यावर मात्र तिच्याकडे असं काही आहे जे पेनेलपीकडे नाही, कारण पेनेलपी तेव्हा वर झोपलीय. सकाळी युरिक्लियाने दासींना स्पंजांनी टेबलं पुसायला सांगितलं होतं. संध्याकाळी तीच टेबलं, स्पंजांनीच, रक्ताची, त्या बारा दासी पुसतात ज्यांना त्यानंतर टेलेमाकस जहाजाच्या दोरावर फाशी देतो. त्यांचे पाय थोडा वेळ झटकले, फार वेळ नाही, असं होमर म्हणतो.

दळणाऱ्या बारा आणि फाशीच्या बारा एकच, असं मात्र लिहू नका. मजकुरात तसा आधार नाही. घरात पन्नास दासी होत्या. वरचा हिशेबही अंदाजाचा आहे, ते लोक मांसही भरपूर खात होते आणि हेरोडोटस बराच नंतरचा आहे. पण अंदाज नसण्यापेक्षा तो असलेला बरा. आणि पेनेलपीच हवी असेल तर निदान तिला एक प्रश्न पडू द्या, की हे पीठ कोण काढतंय.

शेवट तुम्हाला रचावा लागणार नाही, तेविसाव्या सर्गात तयार आहे. कत्तलीची बातमी गावात फुटू नये म्हणून ओडिसियस लग्नाचा देखावा करायला सांगतो. गायक वाद्य उचलतो, दासींना चांगले कपडे घालून नाचायला लावतात आणि नाचणाऱ्यांच्या पायांनी घर दुमदुमतं. तुमची बाई त्यांच्यात उभी करा. गुडघ्यांसकट.